बिनपावडरीचा गूळ

गाडीचा हॉर्न ऐकू आला तेव्हा सयाजीचा उजवा हात खांद्यापर्यंत चिपाडाच्या गंजीत होता. हातातला डबा काही आत जाईना. रस काढून उरलेली उसाची चिपाडं वरून वाळलेली दिसत होती, पण आतली कालचीच होती, ओलसर आणि एकमेकांत अडकलेली. त्यानं खांदा लावून रेटा दिला तसा डबा एकदाचा आत गेला. डब्याचं झाकण कधीच वाकडं झालं होतं, म्हणून त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली होती. ती फाटल्याचा आवाज आल्यासारखा वाटला. पण बघत बसायला वेळ नव्हता. पुण्याचा पाहुणा सांगितल्या वेळेच्या तासभर आधीच दारात उभा होता.

डब्यात हायड्रॉस होतं. इचलकरंजीला कापडाचा रंग उडवायला वापरतात ती पांढरी पावडर. शिजत्या रसात पडली की काळपट गूळ पिवळाधमक होतो. गुऱ्हाळवाले तिला नुसतं पावडर म्हणतात. सयाजीची सून निशिगंधा मात्र तिचं पूर्ण नाव घ्यायची, सोडियम हायड्रोसल्फाइट. बी.एस्सी. झालेली पोर. लग्न होऊन आली त्या वर्षीच तिनं डब्यावरचं बारीक अक्षर वाचून सासऱ्याला विचारलं होतं, “मामा, ही कापडाची पावडर हाय. माणसाच्या पोटात कशाला?”

सयाजीनं तेव्हा तिला उडवून लावलं होतं. पण पोर चिवट निघाली. नवरा यशराज एमआयडीसीत कामाला; तो गुऱ्हाळात पाय ठेवत नव्हता. हिनं मात्र पदर खोचून रस शिजवायच्या काहिलीजवळ उभं राहायला सुरुवात केली. भेंडीच्या पाण्यानं रसावरची मळी कशी काढायची, काकवी कधी झाली आणि गूळ कधी झाला हे कसं ओळखायचं, रसाची गोळी गार पाण्यात धरून बोटांनी कशी वळायची आणि आपटल्यावर कुठला आवाज यायला हवा, सगळं सयाजीनं तिला शिकवलं. लोक हसले. बाईमाणूस कुठं गूळ काढतं का, म्हणाले. सयाजीनं त्यांना सोडलं नाही. “तुमच्या पोरांस्नी जमंना, म्हणून तुमास्नी पोटशूळ उठलाय,” असं तो भर पारावर बोलला होता. आणि या दिवाळीला, तिच्यासमोर जोतिबाचा गुलाल कपाळाला लावून त्यानं शब्द दिला होता, की या हंगामापासून आपल्या काहिलीत पावडर पडणार नाही.

शब्द त्यानं पाळलाही होता. आज पहाटेपर्यंत.

तिनं आठवडाभर काढलेला गूळ तपकिरी निघत होता. चवीला अमृत, पण रंगाला शेणीसारखा. कोल्हापूरच्या गूळ काढणाऱ्या गुळव्याला तो रंग बघवत नाही. आज पाहुणा बघायला येणार, तिनं स्वतः फोनाफोनी करून आणलेला, आणि त्याच्यापुढं हा गूळ ठेवायचा म्हणजे पोरीचं नाक कापलं जाणार, असं सयाजीच्या डोक्यानं घेतलं. ती उठून यायच्या आत त्यानं पहिल्या आदणाच्या उकळत्या रसात मूठभर पावडर टाकली. ती आली तेव्हा गार करायच्या वाफ्यात गूळ निवत होता, हळदीसारखा. तिनं तोंडावर हात धरला होता.

“मामा! आला की वो रंग! नुसत्या भेंडीवर आला!”

सयाजी त्यावर हसला होता. ते हसू त्याला अजून गालात टोचत होतं.

“या पावणं, या,” तो आता गाडीकडं जात म्हणाला.

पाहुण्याचं नाव सम्राट. पस्तिशीचा, पांढरा सदरा, बोलायला गोड. पुण्यात त्याची दुकानं होती आणि गूळ पाकिटात भरून तो त्यावर स्वतःचं नाव छापायचा. बाजेवर बसून त्यानं गरम गुळाचा खडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि मान हलवली.

“रंग सुरेख आलाय,” तो म्हणाला.

“यात काय म्हंजे काय न्हाय,” निशिगंधा म्हणाली. “भेंडीचं पाणी आणि चिमूटभर चुना. मामांचा हात हाय त्यो. साऱ्या जिल्ह्यात असा हात न्हाय.”

सयाजीनं मान खाली घातली. पाहुण्याला तो विनय वाटला असावा. चोराच्या मनात चांदणं, तसं सयाजीचं लक्ष सारखं गंजीकडं जात होतं. ओल्या चिपाडात उघडा डबा. ओल लागली की ही पावडर तापते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मुरगूडकडच्या एका गुळव्यानं ओली पळी डब्यात घातली होती आणि भडका उठून त्याचं तोंड भाजलं होतं. त्याच्या भुवया पुन्हा आल्याच नाहीत. ओल किती असेल? पिशवी फाटली असेल का? उठून बघावं तर पाहुणा विचारणार, काका, कुठं चाललात?

“काका, तुम्ही किती वर्षं करताय हे?” पाहुण्यानं विचारलं.

“आँ? लई वर्सं झाली.”

वास आधी आला. आगकाडी ओढल्यावर नाकात चढतो तसला. मग गंजीच्या पोटातून धुराची एक रेघ निघाली, पांढरी, काहिलीखालच्या चुलवाणाच्या धुराहून वेगळी. सयाजीनं ती ओळखली. तो उठला.

“आलोच,” म्हणाला.

पण चुलवाणात जाळ घालणाऱ्या आकारामनं त्याच्या आधी बघितलं होतं.

“गंजी पेटली! वैनी, पाणी!”

निशिगंधा बाजेजवळून उडालीच. हौदातली बादली तिनं एका हिसड्यात उचलली आणि पाणी सांडत गंजीकडं धावली. साठीच्या सयाजीचे पाय तिच्यापुढं काय चालणार!

“थांब!” तो ओरडला.

ती थांबली नाही. आग लागल्यावर थांब म्हणून कोण थांबतं? गंजीच्या भगदाडातून आता धूर भसाभसा येत होता आणि ती त्याच भगदाडावर वाकत होती, बादली कमरेवर घेऊन, तोंड अगदी जवळ नेऊन. मुरगूडच्या त्या गुळव्याचा बिनभुवयांचा चेहरा सयाजीच्या डोळ्यांपुढं आला.

“पाणी टाकू नगं!” तो जीव खाऊन ओरडला. “हायड्रॉस हाय तिथं! म्या ठेवलंय! पाण्यानं भडकंल ते, मागं सर!”

बादली हवेत थांबली. निशिगंधा दोन पावलं मागं आली आणि तिनं वळून सासऱ्याकडं बघितलं.

त्या बघण्याकडं लक्ष द्यायला सवड नव्हती. सयाजीनं दाताळं घेतलं, चिपाडं ओढून बाजूला फेकली आणि डबा उकरून मोकळ्या जमिनीवर लोटला. डबा लोळला तशी आत निळसर ज्योत उठली. आकाराम आणि तो, दोघांनी मिळून फावड्यानं कोरडी माती आणि चुलवाणाबाहेर काढलेली गार राख वर टाकली. धुरानं सगळ्यांचे डोळे झोंबले. पाहुणा तोंडाला रुमाल लावून खोकत होता. थोड्या वेळानं मातीच्या ढिगाऱ्यातून नुसती वाफ येऊ लागली.

गंजी वाचली होती. कोंबडं झाकलं होतं, पण उजाडलं होतं.

“आजच्या आदणात?” निशिगंधानं विचारलं. बादली अजून तिच्या हातात होती.

“व्हय.”

“किती?”

“मूठभर.” सयाजीनं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. “तुझं काम फसू नये म्हणून केलं, पोरी. रंग बघून पावणा परत गेला असता तर...”

तिचे डोळे लाल झाले होते, ते धुरानं की कशानं, हे विचारायची सयाजीची छाती झाली नाही. मग तो पाहुण्याकडं वळला.

“पावणं, तिला यातलं काय म्हाईत न्हाय. तिनं तुमास्नी खोटं सांगितलं न्हाय. खोटं माझं हाय.”

सम्राटनं रुमाल घडी घालून खिशात ठेवला आणि तो हसला. वाईट हसला असंही नाही. घरातल्या माणसासारखा हसला.

“काका, मला दिसलं होतं. बिनपावडरीचा गूळ कधी असा होतो का? एवढं कळल्याशिवाय मी या धंद्यात आहे होय?” त्यानं आणखी एक खडा उचलला, वास घेतला आणि परत ठेवला. “गिऱ्हाइकाला पाकिटावर ‘नैसर्गिक’ लागतं आणि आत पिवळा लागतो. तपकिरी ठेवला तर हात लावत नाहीत. तुमच्यासारखा रंग मला दुसरीकडं मिळाला नाही. हंगामाचा सगळा माल मी उचलतो. पाकिटावर काय छापायचं ते माझं मी बघतो.”

सयाजीनं दाताळं गंजीला टेकवून ठेवलं.

“फक्त एक करा. माझ्या घरासाठी थोडा वेगळा काढा, अगदी काळा असला तरी चालेल. आईला दमा आहे, तिला हे सोसत नाही.”

सयाजीला यात नवल वाटायचं कारण नव्हतं. पावडर वापरणाऱ्या प्रत्येक गुऱ्हाळात घरच्या गुळाचं आदण वेगळंच निघायचं, बिनपावडरीचं. त्याच्याकडंही इतकी वर्षं निघत आलं होतं. पण आज ते पाहुण्याच्या तोंडून ऐकणं वेगळं होतं. त्यानं सुनेकडं बघितलं. आता ही पेटणार. आता ही या माणसाला गाडीपर्यंत हाकलत नेणार, आणि आपल्यालाही दोन शब्द सुनावणार. सुनावावेतच. सयाजीला तेच हवं होतं. सकाळपासून जिच्या खरेपणाची तो भीती बाळगून होता, त्याच खरेपणाची तो आता वाट बघत होता.

निशिगंधानं बादली खाली ठेवली.

“घरी किती लागंल?” तिनं पाहुण्याला विचारलं.

“दहा किलो पुरे.”

“देते काढून.”

गाडी गेली. आकाराम मुकाट्यानं चुलवाणाकडं वळला आणि जाळ सारू लागला. दुसऱ्या आदणाचा रस काहिलीत पडला होता. निशिगंधानं तोंडावर पाणी मारलं, पदर खोचला आणि ती नेहमीच्या जागी येऊन उभी राहिली. सयाजी तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. रोज याच वेळी ती त्याला काहीबाही विचारायची, मळी आली का, जाळ कमी करायचा का. आज ती नुसती रस ढवळत राहिली.

“मामा.”

“बोल की.” त्याला बरं वाटलं. म्हटलं, आता बोलेल. मोकळी होईल.

“पावडर कवा टाकायची असती? रसाची गोळी व्हायला लागल्यावर का आधी?”

सयाजीला आधी वाटलं, ती टोमणा मारतेय. त्यानं तिच्या तोंडाकडं निरखून बघितलं. ती खरंच विचारत होती. गोळी वळायला शिकताना विचारायची तशीच, रसावरची नजर न हलवता.

“तुमी अंदाजानं मूठ टाकता,” ती म्हणाली. “वजन करून टाकली तर कमी लागंल. एकदा दावा मला, मग मी बघते.”

नको, असं सयाजीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण कुठल्या तोंडानं म्हणणार?

“डबा जळला की, पोरी,” तो कसाबसा म्हणाला.

“आणूया दुसरा,” ती म्हणाली, आणि रसाला उकळी आली का ते बघायला काहिलीवर वाकली.