स्टुलापुढची काळी चादर

आमच्या गल्लीचा डांबरी रस्ता उन्हाळ्यात इतका तापे की चपला जागच्या जागी चिकटून बसत. ही व्यथा जाणून रस्ते खात्याचे साहेब आले व त्यांनी सर्वांसमक्ष उपाय मांडले. झाडे लावल्यास सावलीस दहा वर्षे लागणार. वर कापड ताणल्यास आगीचा बंब अडणार. पांढरा रंग मात्र एका दिवसात वाळणार. कोपऱ्यावर बसणाऱ्या किल्लीवाल्याने सर्वांआधी रंगासाठी हात वर केला.

"अहो, दम धरा जरा," त्याची बायको म्हणाली. "कापडाचं तरी नीट ऐकून घ्या."

"कापड काय तुझ्या माहेराहून येणार आहे?"

गल्ली खदखदून हसली.

रंग लागला. रस्ता खरोखरच निवला. पोरे अनवाणी धावू लागली. परंतु जे ऊन पूर्वी रस्ता गिळीत असे, ते आता उलटून माणसाच्या अंगावर आणि डोळ्यांवर येऊ लागले. चालणारा निघून जाई. किल्लीवाला बुटक्या स्टुलावर दिवसभर बसलेला. छत्री डोक्यावर आणि झळ खालून! आगीतून निघून फुफाट्यात, अशी त्याची गत झाली.

त्याची वृद्ध आई भ्रमिष्ट झाली होती. दार उघडे दिसताच ती भटकत निघून जाई. म्हणून तिला पत्र्याच्या खोलीत ठेवून बाहेरून कुलूप घालीत, आणि दुपारी तो स्वतः जाऊन तिला पाणी पाजी. आता उन्हात उठताच त्यास भोवळ येऊ लागली. तेव्हा हे काम बायकोने पत्करले. ती जिथे कामाला होती त्या इस्त्रीच्या दुकानातून परस्पर जाणार, यास्तव त्याने त्याच चकचकाटात, डोळे मिचकावीत, तिच्याकरिता दुसरी किल्ली घासली.

"कुलपाला लावून बघा की एकदा," ती म्हणाली.

"जन्म गेला माझा यात. माझी किल्ली कधी अडली आहे?"

दुसऱ्याच दुपारी अडली. आतून सासू म्हणत होती, "सूनबाई, उघड गं, घसा सुकला." किल्ली फिरेना. शेजारी सारे कामावर. दगडाने कुलूप फुटेना. अखेर ती धावत कोपऱ्यावर गेली.

"अहो, तुमची किल्ली द्या! ही लागत नाही!"

दोघे धापा टाकीत पोहोचले. जुनी किल्ली सहज फिरली. आई उंबरठ्याला डोके टेकून पडली होती. अंग तव्यासारखे तापलेले होते, आणि श्वास थांबला होता.

काही दिवसांनी साहेब यंत्र घेऊन रस्त्याची उष्णता मोजण्यास आले. किल्लीवाल्याने स्टुलापुढे आईची काळी चादर अंथरली होती.

"दादा, ही उचला. रंग झाकला की रस्ता तापतो."

"तापू द्या, साहेब," तो मान वर न करता म्हणाला. "मला किल्लीचे दात दिसायला हवेत."