बोटभर मोठा कोट

डब्याचं झाकण फरशीवर गरगर फिरत राहिलं, आणि माझी दुपारची तासाभराची शांतता संपली.

"मी नाही पाडलं, तेच पडलं," लेक डोळे चोळत म्हणाली. धाकटा मात्र झोपेतच होता. नशीब माझं.

समोर माझा परत आलेला निबंध होता. दोन मुलांनंतर पुन्हा कॉलेजात नाव घातलं होतं, तेही घरबसल्या. एका कथेचं रसग्रहण लिहायचं होतं. मी गाइड उघडून 'कारुण्याची किनार' वगैरे ठासून भरलं. त्याखाली बाईंनी लाल शाईत विचारलं होतं, "कथा वाचलीत का?" उद्यापर्यंत नवा निबंध दिला नाही, तर यंदा परीक्षेला बसता येणार नव्हतं.

नवऱ्याला सकाळी दाखवला, तर म्हणाला, "ही किनार नेमकी कुठल्या बाजूला असते गं?" त्याला हसायला काय जातंय!

"मला ती गोष्ट वाचून दाखव ना," लेक मांडीत शिरली.

म्हटलं, चला, निदान एकदा नीट वाचून तरी होईल. एका म्हाताऱ्या शिंप्याचा मुलगा लहानपणीच आईबरोबर दूर गेलेला. शिंपी दर हिवाळ्यात त्याच्यासाठी कोट शिवतो, आधीच्यापेक्षा बोटभर मोठा. मुलगा येत नाही. कपाट भरत जातं.

"पण त्याला माप कसं कळतं?"

"असंच, अंदाजानं."

"माझा फ्रॉक तू अंदाजानं आणलास, तो डोक्यातून गेलाच नाही!"

खरंच की. मी पानं मागे उलटली. शेजारचा मुलगा थंडीनं अंग आखडून दारावरून गेला, की शिंपी त्याला हाक मारून थांबवायचा. "सरळ उभा राहा की रे, वाकतोस काय!" असं तीनदा होतं. गाइडात याला 'विक्षिप्त स्वभाव' म्हटलं होतं, आणि मीही तेच उतरवलं होतं. अगं बाई! तो मुलगा त्याच्या मुलाच्याच वयाचा होता. शिंपी नजरेनं माप घेत होता.

मी लेकीचा पापा घेतला आणि वही ओढली. पेन थांबेना. एक पान भरलं, दुसरं भरलं. गाइड खाली पडलं, ते उचललंही नाही.

लेक अजून त्याच पानावर बोट ठेवून बसली होती.

"आई, तो शेजारचा मुलगा दारात कुडकुडत होता ना? मग कपाटातला एक कोट त्याला का नाही दिला?"