तक्त्यात नसलेली सून

शनिवारी दुपारी दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या त्या नवव्या मजल्यावरच्या घरात चौघे जेवायला बसले होते आणि मैथिली ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटत होती. लग्नाला अकरा वर्षे झाली, तरी या मांडणीत फरक पडलेला नव्हता.

तिचे सासरे प्रकाशराव तंत्रनिकेतनात शिकलेले. सारी नोकरी कारखान्यात मालाची तपासणी करण्यात गेलेली. मुलाकडे राहायला आल्यापासून जपानी लोकांच्या आहाराने त्यांना झपाटले होते. हजारो जपानी स्त्रीपुरुष काय खातात याची नोंद करून, पुढे वर्षानुवर्षे त्यांतले कोण किती जगले हे तपासणारा एक अभ्यास त्यांनी अक्षरन् अक्षर वाचला होता. तेव्हापासून फ्रीजवर तक्ता लागला. स्वतः प्रकाश, पत्नी छाया, मुलगा निखिल, नात इरा असे चार रकाने. मासे, टोफू, भाज्या, समुद्रातले शेवाळ, सगळ्याची रोज नोंद.

"निखिलच्या ताटात आज नऊच पदार्थ. कालच्यापेक्षा दोन कमी," प्रकाशराव म्हणाले.

"उद्या करते, बाबा."

"आणि परवाचा भात आहे डब्यात," छायाबाईंनी सुनेला बजावले. "तो आधी संपव. मी तीस वर्षं असंच जेवले, काही मेले नाही."

मैथिली सकाळी नुसता चहा घेऊन ऑफिस गाठायची. घरी सुट्टीच्या दिवशीही तिच्या पोटात अन्न जायचे ते तीनला, सर्वांचे उरकल्यावर. आणि तेही आदल्या दिवशीचे. स्वतःच्या हातचे ताजे मासे तिने शेवटचे केव्हा खाल्ले, ते तिलाही आठवत नव्हते.

पुढची पोळी तव्यावर असतानाच तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती कोसळली.

दवाखान्यात डॉक्टर सायरांनी रिपोर्ट पाहिला. "हिमोग्लोबिन सिर्फ छह है. कल इन्होंने क्या खाया था?"

"घर का ही खाना, डॉक्टर," निखिल म्हणाला.

"मतलब, क्या?"

स्वतःच्या पोटात किती ग्रॅम प्रोटीन गेले ते निखिलला तोंडपाठ होते. त्याने बायकोकडे पाहिले.

"चाय. बासी रोटी," मैथिलीने सांगितले. "परसों भी वही."

"ऐसे ही चला तो दिल जवाब दे देगा," सायरा म्हणाल्या, आणि हे त्यांनी निखिलकडे पाहून सांगितले.

शिरेतून लोह देऊन दोन दिवसांनी तिला घरी पाठवले. आठवडा सरला. पुढच्या शनिवारी ओट्याशी पुन्हा तीच उभी होती.

"परक्या बाईसमोर शिळ्या पोळ्यांचं सांगायची गरज होती का?" छायाबाईंनी विषय काढला. "तिला वाटेल, आम्ही सुनेला उपाशी ठेवतो."

"ठेवता."

"मैथिली! तुला खाऊ नको असं कुणी म्हटलंय?" प्रकाशराव कडाडले.

"कुणी नाही. आणि जेवायला बस, असंही कुणी म्हटलं नाही. बाबा, तुमच्या तक्त्यात माझा रकाना का नाही?"

"तू मागाहून जेवतेस. तुझी नोंद कोण ठेवणार?"

"जपान्यांनी ठेवली. बायकाही मरतात, एवढं त्यांच्या लक्षात आलं होतं."

"खलास, पुरे, आता सीन नको," निखिल पुटपुटला. "यल्ला, चल, पोळी वाढ."

मैथिलीने शेगडी बंद केली. पाचवे ताट घेतले, त्यात गरम भात आणि सुरमईची तुकडी वाढली आणि ती इराशेजारी बसली.

छायाबाई ताटावरून उठल्या. "सून बरोबरीने बसणार असेल, तर मी या घरात अन्नाला शिवणार नाही." हे अस्त्र त्यांनी पूर्वी दोनदा काढले होते. दोन्ही वेळा मैथिली रडत माफी मागायला गेली होती.

"ममा, आर यू गोइंग टू से सॉरी?" इराने विचारले.

"नाही."

आतल्या खोलीचे दार धाडकन लागले. निखिल दबक्या आवाजात म्हणाला, "अगं, आईला शुगर आहे. जाऊन घेऊन ये ना."

"तुझी आई आहे. तू जा."

निखिल गेला नाही. बायको नमेल आणि आपल्याला उठावे लागणार नाही, याची वाट पाहत तो बसून राहिला. ही रीत केवळ सासवांनी टिकवलेली नाही. अशा वाट पाहणाऱ्या, शिकल्यासवरल्या पुरुषांनी ती पोसली आहे, आणि असे पुरुष दुबईतच असतात असे नाही.

मैथिलीने माशाचा काटा काढून घास घेतला, मग दुसरा, आणि त्या दुपारी सर्वांच्या देखत ती पोटभर जेवली.