एकावर अडलेला स्कोअर

अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांचा उजवा हात नावालाच उरला होता. डॉक्टरीणबाईंनी बोटांना रोज व्यायाम द्यायला सांगितलं होतं, पण रबरी चेंडू पुढे केला की बाबा तोंड फिरवत. "मी काय तान्हं बाळ आहे?"

त्यांची धाकटी लेक चष्म्याच्या दुकानात कामाला होती. कोडिंगचा तिला गंध नव्हता, तरी तिने ठरवलं, आपणच एक गेम करायचा. वरून सफरचंदं पडतील, बाबांनी बटणं दाबून टोपली सरकवायची, झेललं की स्कोअर वाढेल. इंटरनेटवरचे धडे बघत ती चिकाटीने बसली.

गेम पहिल्यांदा चालवला तेव्हा स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली: स्कोअर नावाचं काही सापडत नाही. डोळे ताणून बघितल्यावर कळलं, एका ओळीत त्या इंग्रजी नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल पडलं होतं, बाकी सगळीकडे स्मॉल. माणसाला चाललं असतं. कॉम्प्युटरच्या लेखी ती दोन वेगळी नावं. तिने ते सारखं केलं आणि हौसेने बाबांना खुर्चीत बसवलं.

बाबांनी जीव तोडून बोटं हलवली. सफरचंद टोपलीत पडलं. स्कोअर एक. दुसरं झेललं, तरी एकच. तिसऱ्यालाही एक.

"राहू दे," हात मांडीवर ओढून घेत ते म्हणाले. "झेललं असं वाटतं, पण झेललेलं नसतं. या हाताचं असंच झालंय."

"अहो, मी पाहिलंय ना!"

पण ते गॅलरीत जाऊन बसले.

तिने वहिनीला फोन लावला. वहिनी शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. तिने कोड मागवून घेतला आणि ती हसली.

"वन्सं, पालथ्या घड्यावर पाणी ओतताय! झेलल्यावर जे फंक्शन, म्हणजे कोडचा तुकडा, चालतं, त्याच्या आतच तुम्ही स्कोअरला जन्म देताय. तो शून्याचा एक होतो आणि फंक्शन संपलं की मरतो. पुढच्या खेपेला पुन्हा नवा, पुन्हा शून्य. त्याला बाहेर, सगळ्यांत वर काढा."

तिने सगळ्यांत वर स्कोअरची ओळ लिहिली. तरी एकच!

"आतली ओळ खोडलीत का?"

"नाही गं. असू दे म्हटलं."

"मग एकाच नावाचे दोघे झाले की! वरचा बिचारा वाट बघतोय, पण हाक आतल्यालाच पोचते."

ती ओळ गेली आणि आकडा हलला. दोन. तीन. ती गॅलरीत धावली.

"बाबा, चूक तुमच्या हाताची नव्हती. माझी होती."

त्यांनी तिच्याकडे संशयाने पाहिलं. समजूत काढतेय, असं त्यांना वाटलं असावं. तरी ते येऊन तिच्या शेजारी बसले. अंगठा बटणावर टेकला. एक झाला, दोन झाले, बघता बघता पाच झाले. मग एक सफरचंद टोपलीच्या कडेला लागून खाली गेलं आणि आकडा पाचावरच थांबला.

"हे सुटलं," बाबा म्हणाले. "हे खरंच माझ्या हातून सुटलं." आणि किती दिवसांनी ते मोकळं हसले. "थांब, उठू नकोस. अजून एकदा लाव."