शेंड्यावरचा ताप

जंगलतोडीच्या छावणीत तिला सगळे डासबाई म्हणत. डास पकडून त्यांच्यात कुठला विषाणू आहे ते शोधणं हे तिचं काम. मजुरांचा मुकादम तिचा धाकटा भाऊ. आपण नाकावर माशी बसू देत नाही आणि आपली ताई जन्मभर डासांच्या मागे, असं तो हसत सांगे.

त्या वर्षी जंगलात माकडं मरून पडू लागली आणि पाठोपाठ मजूर तापाने आडवे झाले. जवळच्या वस्तीत मात्र कुणाला काही नव्हतं. जमिनीजवळ पकडलेल्या डासांत काहीच सापडेना. मग एकदा तिच्या डोळ्यांदेखत एक मोठं झाड कोसळलं. शेंड्याबरोबर डासही खाली आले आणि मजुरांच्या उघड्या पाठींवर बसले. वर माकडांना चावणारे डास झाडासकट माणसांत उतरत होते.

उंचीची तिला धास्ती. तरी दोर बांधून ती शेंड्यापर्यंत चढली आणि काचेच्या नळीत डास पकडत राहिली. त्यांच्यात विषाणू सापडला. तिने तोड बंद पाडली, लस मागवली.

लस पोचण्याआधीच भाऊ तापला. त्याच्या बायकोचे शहरात दिवस भरत आलेले. त्याने बॅग भरली. ताई दारात उभी राहिली.

"बाजूला हो, ताई. तिला माझी गरज आहे."

"विषाणू आत्ता तुझ्या रक्तात आहे. घरातला डास तुला चावेल आणि पुढे तिला. मग शेजाऱ्यांना. शहरात पसरायला त्याला झाडं पडायची वाट बघावी लागणार नाही."

"आणि बाळ झालं तर?"

"फोनवर त्याचं रडणं ऐकशील. पण ऐकशील तरी. आत्ता गेलास तर कदाचित तेही नाही."

बॅग आपटून तो मच्छरदाणीत शिरला आणि तिच्याशी बोलेनासा झाला. ती डोळ्यांत तेल घालून बसली. त्याला पाणी पाजायची, कपाळ पुसायची, जाळीला भोक दिसलं की शिवायची. मुलगी झाल्याचं कळलं तेव्हा त्याला उठून बसवत नव्हतं. तिने बाहेरूनच फोन जाळीला टेकवून धरला. तो भिंतीकडे तोंड करून रडला.

तपासणीत रक्त निर्धोक निघालं, तेव्हा त्याची बॅग तिनेच गाडीत ठेवली. त्याच्या घरी कुणाला ताप आला नाही. त्याचा अबोला मात्र बरेच महिने टिकला. ती समजूत काढायला गेली नाही. दुसऱ्या छावणीत तोड सुरू व्हायची होती आणि त्याआधी तिथल्या प्रत्येकाला लस टोचून व्हायला हवी होती.