नकाशावरची तिसरी खदान

ग्रामपंचायतीत बायकांना जागा राखीव झाल्या आणि शेवंताबाई शिरपूरजवळच्या आपल्या गावातून निवडून आली. सही करता यायची, नकाशा वाचता येत नव्हता. एके दिवशी पंचायतीच्या बैठकीत धुळ्याच्या सरकारी कचेरीतले भामरेसाहेब नकाशा पसरून बसले होते. बंद खदानींचे खड्डे नीट करायचे, त्यांत पाणी साठवायचं, मासे सोडायचे, काठाला कडुनिंब लावायचे, अशी योजना. सगळ्यांनी माना डोलावल्या.

शेवंताबाईच्या मनात मात्र जीवराम खुपत होता. शेजारच्या झिपरूची गाय खदानीत पडून मेली, तेव्हा कुंपण घालायला नकार देणारा हा खडी फोडणारा क्रशरवाला आज सगळ्यांना पेढे वाटत होता.

"साहेब, खदानी कोन्त्या कोन्त्या, बोट ठेवा," ती म्हणाली.

भामऱ्यांनी तीन ठिकाणी बोट ठेवलं.

"गावमां तं दोनच खदानी शेतस. हाई तिसरी कोनती?"

"जुनी शे, अक्का. तुमले ठाऊक नही," जीवराम घाईने बोलला.

"माले ठाऊक नही? वीस वरीस मी गावनं बठ्ठं रान फिरनू. चाला, दखाडा."

सरपंच रुपचंदनाना ऊन जास्त आहे म्हणाले. ती चपला घालून बाहेर जाऊन उभी राहिली. मग साहेबांनाही उठावं लागलं.

नकाशातल्या जागेवर गायरानाची टेकडी होती, अख्खी. कुठे खड्डा नाही की फुटलेला दगड नाही. फक्त पायथ्याला चुन्याच्या ताज्या रेघा मारलेल्या होत्या. भामऱ्यांनी नकाशा टेकडीशी ताडून पाहिला. जागा न बघताच त्यांनी क्रशरवाल्याने दिलेला नकाशा घेतला होता. टेकडी जुनी खदान म्हणून कागदावर चढली असती, तर सपाटीकरणाच्या नावाने ती फोडायला कोणी अडवलं नसतं. त्यांनी लाल पेनाने तिसरी खदान खोडली.

"नवा नकाशा पोस्टाने पाठवतो."

शेवंताबाईला साहेबाचा शरमलेला चेहरा खरा वाटला, पण पोस्टाचा भरवसा वाटेना. आठवड्याने ती झिपरूला घेऊन एसटीने धुळ्याला गेली. टेबलावर नवा नकाशा तयार होता. तिने बोटाने मोजलं. एक, दोन, तीन.

भामऱ्यांचा चेहरा उतरला. त्यांनी नकाशा काढणाऱ्याला बोलावलं. तो नजर चुकवत म्हणाला, "जुन्यावरूनच उतरवला, साहेब."

चूक होती की कोणी हात ओले केले होते, हे तिला कधीच कळलं नाही. तिथेच बसून तिने दुसरा नकाशा काढून घेतला, गोल शिक्का मारवला, झिपरूकडून खदानी पुन्हा मोजून घेतल्या आणि मगच सही केली.

त्या उन्हाळ्यात दोन्ही खड्ड्यांना कुंपण पडलं, पुढच्या वर्षी मासेही सोडले गेले. जीवरामने तिला रामराम करणं सोडलं. गायरानात गवताला गेली, की ती आधी पायथ्याला चक्कर मारून नवा चुना पडलाय का ते बघायची.