सहावा भाग

कार्तिकातली दुपार. कृष्णाकाठच्या त्या गावावर मंद, मृदुल, मधाळ ऊन उतरलं होतं. उसाच्या तुऱ्यांवर रुपेरी झळाळी, नदीच्या पात्रात नीलवर्णी निश्चलता, अंगणातल्या शेवंतीवर पिवळा प्रकाश. अवघी सृष्टी सुस्तावली होती. जागी होती फक्त हेमलता, आणि जागी होती तिच्या छातीतली धडधड.

तिचा पाचवा भाग नुकताच संपला होता.

हेमलता पुस्तकं बांधणाऱ्याची लेक. वाचनालयात नव्या कादंबरीची प्रत एकच आणि हावऱ्या वाचक सात जणी. मग हेमलता त्या पुस्तकाची शिवण हलक्या हाताने उसवायची, त्याचे सात भाग करायची आणि भागांमागून भाग घरोघर फिरायचे. सगळ्यात शेवटी वाचायची ती स्वतः, आणि मग सुईदोरा घेऊन पुस्तक पुन्हा सांधायची. ग्रंथपालांची अट एकच होती. एक पान जरी गहाळ झालं, तरी यापुढे पुस्तक उसवायला मिळणार नाही. परतीचा दिवस आजचा होता आणि वाचनालय सातला बंद व्हायचं.

आणि कादंबरी तरी कसली! रक्ताचा थेंब नाही, सुरीचं पातं नाही. एक सुंदर, सुशोभित, शांत घर, आणि त्या घरातून एकेक वस्तू नाहीशी होत होती. आधी वसुधेचं कानातलं, मग कपाटाची किल्ली, मग लग्नातला फोटो. साखरेच्या सुरात नवरा म्हणायचा, तूच विसरतेस गं. वसुधेला ते खरं वाटू लागलं होतं, आणि हेमलतेच्या पायाखालची जमीन सरकत होती.

चार दिवस ती या घरात नव्हतीच. आमटी दोनदा लागली. कुकरच्या शिट्या मोजायच्या राहिल्या. "अगं, ते दूध पिऊ नकोस," असं तिने भर स्वयंपाकघरात वसुधेला बजावलं. बाकीच्या सहा जणींचं वाचून झालेलं. त्या वाटेत भेटल्या की गालात हसायच्या आणि तोंडाला कुलूप. पुढचं सांगायचं नाही, हा नियम हेमलतेनेच केलेला. पोटात एवढं वादळ आणि बोलायला माणूस नाही, याचं तिला फार वाईट वाटायचं.

पाचव्या भागाच्या शेवटी बंद खोलीचं दार आतून उघडत होतं. श्वास रोखून हेमलतेने कपाट उघडलं.

सहावा भाग तिथे नव्हता.

सातवा होता. तपकिरी कागदाच्या वेष्टनात गुपचूप, गूढ, गर्विष्ठ पडलेला. तिची बोटं शिवशिवली. सातव्यात सगळंच होतं. पण तिने तो उघडला नाही. गादीखाली पाहिलं, रद्दीत पाहिलं, देवघरामागे पाहिलं. घरातून वस्तू नाहीशा होतात, हे तिला आता वाचायची गरज उरली नव्हती.

तिचा नवरा दत्तोबा ओसरीवर चहा पीत होता. त्याची पिठाची गिरणी. चौथीत शाळा सुटलेली, बोलणं बेताचं, आणि एकतीस वर्षांत बायकोच्या पुस्तकाला हात लावलेला नाही.

"अहो, कपाटातले कागद पाहिलेत का?"

"मला काय ठाऊक," बशीतून नजर न काढता तो म्हणाला. त्याचे कान मात्र लाल झाले. कप तसाच ठेवून तो लगबगीने निघून गेला.

हेमलतेच्या अंगावर सरसरून काटा आला. वसुधेचा नवराही नजर चुकवायचा. गिरणीत कागदाचं काय होतं, तेही तिला ठाऊक होतं. पिठाचे डबे ठेवायला खाली कागद, हात पुसायला कागद. सात जणींचं सुख तिथे चुरगळलं जात असेल, या विचाराने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सातवा भाग पिशवीत टाकून ती निघाली.

उन्हाच्या केशरी कवडशांतून, शेवंतीच्या उग्र दरवळातून, धडधडत्या काळजाने ती चालली. गिरणीचा आवाज कोपऱ्यावरूनच यायला हवा होता. आज आवाज नव्हता. पट्टा थांबलेला. बाकावर दोन बायका ज्वारीचे डबे मांडीवर घेऊन बसलेल्या.

आत शुभ्र, सूक्ष्म, संथ पीठ हवेत तरंगत होतं. पोत्यावर दत्तोबा बसला होता. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, गुडघ्यावर सहावा भाग. एकेका शब्दाखालून त्याचं पांढरं बोट सरकत होतं आणि ओठ हलत होते.

"दीड पान राहिलंय," मान न उचलता तो म्हणाला. "थांब जरा."

ती थांबली. रागवावं की रडावं, तिला कळेना.

"पहिल्यापासून वाचतोय," पान संपवून तो म्हणाला. "तू वाचून ठेवलेलं न्यायचो. पाचवा रात्री तू निजल्यावर वाचून काढला. काल हा नेला. तुझा राहिलाय, हे ध्यानातच आलं नाही. आणि सांगायची लाज वाटली." मग त्याला राहवेना. "हेमा, नवऱ्याने नाही केलं ते. ते सगळं त्या—"

"नका सांगू!" दोन्ही कानांवर हात दाबून हेमलता ओरडली.

बाकावरच्या बायका दचकल्या. दत्तोबा हसला, पोटभर, पीठ उडेपर्यंत. आणि हेमलतेला एवढा आनंद झाला की कानांवरचे हात काढायचंही तिला सुचेना.

मग तिने सहावा भाग अधाशासारखा वाचला. तो समोर बसून तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. कुठल्या ओळीला ती कुठे दचकते, ते त्याला आता ठाऊक होतं. वसुधेचा जीव वाचणार की नाही, याचा निकाल अजून बाकी होता. तिने सातवा भाग पिशवीतून काढला आणि पोत्यावर त्याच्या शेजारी बसली.

"मोठ्याने वाचा की वहिनी," बाकावरची एकजण म्हणाली. "दळण होईल सावकाश."

हेमलता वाचू लागली. खिडकीतलं ऊन सोनेरी झालं, तांबूस झालं, सातची वेळ जवळ येऊ लागली, तरी ती वाचत राहिली. डोळ्यांनी ती केव्हाच पानाच्या तळाशी पोहोचायची, पण पान उलटत नव्हती. शेजारचं पांढरं बोट शेवटच्या ओळीतून सावकाश, सावकाश शेवटच्या शब्दाशी येईपर्यंत ती थांबायची, आणि मगच पान उलटायची.